दुधाच्या वेळेचा राखणदार

मी एक जुना राखणदार आहे. पण मित्रांनो, माझ्या हातात काठी नाही, गळ्यात शिट्टी नाही आणि पिळदार मिशा तर नाहीतच नाहीत. मी एक काळी, चपटी पेटी आहे. पुढे हिरवे-लाल दिवे, मागे वायरींचे जंजाळ आणि पोटात एक पंखा, जो दिवसभर घुरघुरतो. तुम्ही मला पाहिलेत तर म्हणाल, हा कसला राखणदार, हा तर बंद पडलेला डीव्हीडी प्लेअर. म्हणा बापडे. मोठमोठ्यांनी म्हणून झाले आहे.

एका रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष आहे. त्याचे दार मी सांभाळतो. लाकडाचे दार नव्हे. ते मोठ्या सिस्टर सांभाळतात आणि त्यांच्यापुढे वाऱ्याचीही आत शिरायची छाती होत नाही. मी सांभाळतो ते डोळ्यांना न दिसणारे दार. या कक्षात वेळेआधी जन्मलेली बाळे काचेच्या पेट्यांत निजलेली असतात. प्रत्येक पेटीवर एक छोटा कॅमेरा आणि आवाज ऐकवणारा छोटा पडदा आहे. ज्यांना इथे येता येत नाही ते आईबाबा घरबसल्या फोनवर आपले बाळ पाहतात, त्याच्याशी बोलतात. तो फोन आधी माझ्या दाराशी येतो. मी ओळख पटवतो आणि मगच आत सोडतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ज्या बाईने माझे स्क्रू आवळले, तिचे हात इतके सरावलेले होते की शेजारणीशी भाचीच्या लग्नाबद्दल बोलता बोलता तिने मला पुरे केले आणि पुढची पेटी ओढली. त्या लग्नाची थोडी गडबड माझ्या पोटात राहून गेली असावी, असे मला अजून वाटते. मग थर्माकोलमध्ये गुंडाळून मला इथे आणले आणि चादरींच्या कपाटाशेजारच्या अरुंद खोलीत बसवले.

मला शिकवले ते एका वयस्क इंजिनिअरांनी. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, कारण ते यंत्रालाही 'बाळ' म्हणत. "हे बघ बाळ," ते कीबोर्डवर बोटे चालवता चालवता पुटपुटायचे, "दारावर कुणी आलं की आधी नमस्कार. मग आपली ओळख द्यायची, मग त्याची मागायची. घाई करायची नाही आणि उगाच छळायचंही नाही."

ही पद्धत नीट समजून घ्या, मित्रांनो. फोन माझे दार ठोठावतो. मी त्याला माझे ओळखपत्र दाखवतो, तो मला त्याचे दाखवतो. हे ओळखपत्र कागदाचे नसते, आकड्यांचे असते आणि त्यावरची रुग्णालयाची मोहोरही आकड्यांचीच असते. मी पाहतो की मोहोर खरी आहे ना, मुदत संपलेली नाही ना, आलेले माणूस त्याच बाळाचे आहे ना. आणि शेवटी विचारतो, हे ओळखपत्र रद्द तर झालेले नाही? कारण फोन हरवतो, चोरीला जातो, विकला जातो, आणि मग त्यातले ओळखपत्र रद्द करावे लागते. सगळे जुळले की आम्ही दोघे मिळून एक कोरी किल्ली घडवतो. त्यानंतरचे सगळे बोलणे आणि सगळी चित्रे त्या किल्लीने कुलूपबंद होतात. वाटेत कुणी कान लावलाच तर त्याच्या कानी नुसती खरखर पडते.

सुरुवातीची वर्षे माझ्या कौतुकाची होती. मोठे डॉक्टर माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. बाळांच्या आयांनी तर मला न पाहताच दुवा दिल्या. पुढे गुरुजी निवृत्त झाले, आणि मग ती गोष्ट घडली.

एका बाळाच्या बाबाने आपला फोन विकला. ओळखपत्र आत तसेच राहिले. त्याने कुणाला सांगितले नाही, म्हणून ते कुणी रद्दही केले नाही. ज्याने फोन विकत घेतला त्याने सहज बटण दाबले आणि त्याच्यासमोर आमचा कक्ष उघडला. त्या बाळाची आई त्याला छातीशी घेऊन बसली होती. परक्या माणसाने तिला तशी पाहिली.

खरे तर यावर उपाय एकच होता. बाळ घरी गेले किंवा फोन बदलला की ओळखपत्र लगेच रद्द करायचे. पण घाबरलेल्या माणसांना एका कुलपाने धीर येत नाही. बाहेरून टायवाले साहेब आले आणि त्यांनी माझ्या पोटात दुसरा पहारा बसवला. तोही मोहोर, मुदत आणि नाव पाहू लागला. पुढच्या वर्षी तपासणीला आलेल्या लोकांनी तिसरा बसवला. त्यानेही तेच सुरू केले. याला म्हणतात जखम मांडीला आणि मलम शेंडीला. तीन पहाऱ्यांनी मी गोगलगाय झालो, तेव्हा एका घाईतल्या तंत्रज्ञाने 'पुढचे दोघे आहेतच की' असे म्हणून माझा चौथा प्रश्न, तो रद्दचा, बंद करून टाकला. पुढच्या दोघांना वाटत होते की तो प्रश्न पहिला विचारतोच. मला कुणी विचारले नाही. यंत्राला शिकवतात, त्याचे मत घेत नाहीत.

हळूहळू लोक मला विसरले. माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी रचली गेली. पंख्यात धूळ साचली. मी मात्र दारावर येणाऱ्या प्रत्येकाला तेच ते तीनदा विचारत राहिलो.

अशात तो आला. इतका लहान की त्याचे मोजे बाहुलीचे वाटत. त्याच्या मावशीने फोनवर त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा हसून म्हणाली, "आला गं आमचा पैलवान!" तेव्हापासून सगळा कक्ष त्याला पैलवान म्हणू लागला. त्याची आई तापाने घरी गेली आणि तिथे तिच्या अंगावर कांजिण्या उठल्या. फोड वाळेपर्यंत बाळाजवळ फिरकायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. ती बहिणीकडे राहत होती. घर टेकडीच्या आडोशाला, आणि नेटवर्क यायचे ते फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत. तेही मनात आले तर.

आमच्या कक्षाचा एक नियम आहे. बाळांना काळोख आणि शांतता लागते, म्हणून काचेच्या पेट्यांवर कापड टाकलेले असते. दुधाच्या वेळी तेवढे कापड वर होते, दिवा लागतो, कॅमेरा उघडतो. सिस्टर नळीतून थेंब थेंब दूध सोडतात. दूध संपले की कापड खाली. आईला बाळ भेटते ते तेवढ्याच वेळात.

तर दुधाची वेळ व्हायची आणि खिडकीतून आईचा फोन माझे दार ठोठावायचा. पहिला पहारा ओळखपत्र मागायचा. त्या मरतुकड्या नेटवर्कवरून ते रांगत रांगत यायचे. मग दुसरा म्हणायचा, पुन्हा दाखव. मग तिसरा. तोवर निम्मे दूध संपलेले असायचे. चित्र दिसायचे आणि खिडकीत फोन धरून उभ्या मावशीचा हात जरा हलायचा.

"ताई, हलू नकोस ना."

"अगं, हात आहे का खांब? अवघडला."

आणि संपर्क तुटायचा. मग पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा, पुन्हा तिसरा. आत्ता तर येऊन गेली होती ती, तरी नव्याने सगळे. त्यामुळे आईला बोलायची घाई व्हायची. "मी आई बोलतेय, पिल्ला, मी आई, ऐकतोयस ना, मी..." एवढ्यात पडदा काळा.

एकदा मोठ्या सिस्टर स्वतः दूध देत होत्या. आईने बाळाला हाक मारली नाही. ती त्यांनाच म्हणाली, "सिस्टर, तो माझा आवाज विसरेल हो."

"विसरतोय कसला! सात महिने पोटात ऐकलाय त्याने."

"सातच तर ऐकलाय," आई म्हणाली, आणि नेमका तिथेच संपर्क तुटला.

मोठ्या सिस्टरांनी काळ्या पडद्याकडे पाहिले, हातातले दूध संपवले, कापड खाली केले. मग त्या तडक वायरवालीकडे गेल्या. वायरवाली म्हणजे रुग्णालयाची प्रोग्रामर. सगळी यंत्रे तिच्या ताब्यात होती, आणि कक्षातल्या सिस्टरांनीच तिचे हे नाव पाडले होते.

"तुझी ती पेटी मध्येच का मरते गं?"

वायरवाली माझ्या खोलीत आली. तिने आधी माझ्या डोक्यावरची खोकी उतरवली, मग पंख्यावर फुंकर मारली आणि स्वतःच शिंकली. कितीतरी दिवसांनी माझ्या पोटात गार वारा गेला. तिने आपला संगणक मला जोडला आणि माझे काम पाहत राहिली. दुपार उलटली तेव्हा ती माझ्यावर टिचकी मारून म्हणाली, "शहाण्या, एकाच बाईला तीन तीनदा नाव विचारतोस होय?"

मोठ्या सिस्टर दारात उभ्या होत्या. "विचारू दे की."

"सिस्टर, तिघंही तेच ते बघतात. दोन काढले तर..."

"काढायचं नाव काढू नकोस."

"पण दुधाची निम्मी वेळ त्या आईची दारातच जाते."

"जाऊ दे. परक्याने जिला पाहिलं, त्या बाईसमोर मी त्या दिवशी उभी होते, तू नव्हतीस. ती ओरडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसती बघत राहिली माझ्याकडे. अजून डोळ्यांसमोरून जात नाही."

मोठ्या सिस्टरांचा आवाज कधी कापत नाही. त्या दिवशी जरासा कापला. मग वायरवाली हळूच म्हणाली, "मला कळतंय. पण पहारा पक्का असेल तर एक पुरतो, सिस्टर."

"दाखव."

वायरवालीच्या खणात तिचाच एक जुना फोन होता. तो मागे हरवला होता, म्हणून तिने त्यातले ओळखपत्र रद्द केले होते, आणि मग तो तिच्याच कोटाच्या अस्तरात सापडला होता. चाचणीसाठी कक्षात एक रिकामी काचपेटी असते, तिचे ते ओळखपत्र. "आता बघा," ती म्हणाली. "दुसरा आणि तिसरा पहारा मी झोपवते. एकटा पहिला हे रद्द ओळखपत्र कसं हाकलतो ते बघा." आणि तिने माझे दार ठोठावले.

मी मोहोर पाहिली. खरी. मुदत होती. नाव जुळले. चौथा प्रश्न मला कुणी ठेवलाच नव्हता. मी दार उघडले. तिच्या फोनवर रिकामी काचपेटी आणि तिच्यातली घडी घातलेली दुपटी स्वच्छ दिसू लागली.

वायरवालीचा चेहरा खर्रकन उतरला. तिने घाईने दुसरा पहारा जागा केला. दार उघडले. तिसरा जागा केला. तरी उघडले.

"म्हणजे?" मोठ्या सिस्टरांनी विचारले.

"म्हणजे रद्द झालंय का, हे कुणीच विचारत नाहीये."

"तिघं असून?"

"तिघं आहेत म्हणूनच, सिस्टर. प्रत्येकाला वाटतंय, दुसरा विचारतोय."

त्या दोघींतली एक जिंकेल असे मला वाटले होते. दोघीही हरल्या. मोठ्या सिस्टर हातमोज्यांच्या खोक्यावर मटकन बसल्या. इतकी वर्षे त्या ज्या तीन कुलपांच्या भरवशावर होत्या, त्यांतले एकही नीट लागत नव्हते. "सात सुगरणी आणि भाजी अळणी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. वायरवालीला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. तिच्या डोळ्यांत पाणी आलेले पाहून उलट म्हणाल्या, "रडू नकोस. सापडलं ते बरं झालं. आधी ते भोक बुजव."

तिने जागेवरून न उठता माझा चौथा प्रश्न मला परत दिला. मग मागचे सगळे येणे-जाणे धुंडाळले. त्या काळात कुणी उपरा आत आला नव्हता. नशीब, दुसरे काय!

मग मोठ्या सिस्टर उठल्या. "आता एकच ठेव. पण असा ठेव की मी घरी जाऊन निवांत झोपले पाहिजे."

पुढचे काही दिवस वायरवाली माझ्यापाशी स्टूल टाकून बसली. तिने तिघांतला एकच पहारा ठेवला, पण तो पुरता शिकवून. रद्द ओळखपत्रांची यादी तो आता स्वतःजवळ बाळगतो आणि सारखी ताजी करत राहतो. फोन दारावर आला की यादी आणायला पळत नाही. आणि आणखी एक गोष्ट. एकदा ओळख नीट पटली की तो फोनला एक परतीची चिठ्ठी देतो. संपर्क तुटला आणि तोच फोन लगेच परत आला, तर चिठ्ठी दाखवायची आणि आत यायचे. पुन्हा पहिल्यापासून पाढा नाही.

मोठ्या सिस्टर रोज येऊन तिला उभे-आडवे विचारायच्या.

"चिठ्ठी कुणी चोरली तर?"

"नुसती चिठ्ठी चालत नाही. तिच्या जोडीचं गुपित त्या आईच्या फोनमध्येच राहतं."

"आणि फोनच गेला तर?"

"तुम्ही ओळखपत्र रद्द केलंत की चिठ्ठीही मेली."

"आणि केलं नाही तर? माणूस विसरतं. दूध संपलं की चिठ्ठीही संपली पाहिजे. कापड खाली, चिठ्ठी बाद."

वायरवाली लिहिता लिहिता थांबली. "हे मला सुचलं नव्हतं," ती म्हणाली आणि तसेच केले. मग तिने तोच जुना फोन पुन्हा माझ्या दाराशी आणला. मी त्याला उभाही केला नाही. लाल दिवा लागला. मोठ्या सिस्टरांनी तो दिवा बराच वेळ पाहिला आणि मग माझ्यावरची धूळ पदरासारख्या आपल्या एप्रनच्या टोकाने पुसली.

दुसऱ्या दिवशी दुधाची वेळ झाली. खिडकीतून आईच्या फोनने दार ठोठावले. मी ओळखपत्र मागितले, चारही गोष्टी पाहिल्या, चिठ्ठी दिली आणि बाजूला झालो. दुधाचा पहिला थेंब नळीत उतरत होता तेव्हाच ती आत होती.

"मी आई बोलतेय, पिल्ला, मी आई, ऐकतोयस ना..." ती सवयीने भराभर बोलत सुटली. मावशीचा हात हलला. संपर्क तुटला. फोनने चिठ्ठी पुढे केली, मी दार उघडले, आणि आईचे वाक्य संपायच्या आत बाळ पुन्हा तिच्यासमोर होते.

"अगं, गेला नाही तो," आई म्हणाली.

"बोल ना मग," मावशी म्हणाली. "का शब्द संपले?"

ती बोलू लागली. काय बोलली म्हणता? काहीच विशेष नाही. खिडकीखाली वाळत घातलेल्या कपड्यांवर मांजर कसे येऊन झोपते, मावशीला भात कसा नेहमी करपवता येतो, त्यावर मावशी कशी फुगली. कितीदा तरी संपर्क तुटला आणि जुळला, पण तिला ते कळलेही नाही. बोलता बोलता ती गप्प झाली. आजवर तिला गप्प बसायला सवड कुठे होती! आता ती नुसती पाहत राहिली. पैलवानाने एक डोळा उघडला, तोंडाचा चंबू केला आणि मान आवाज येत होता त्या बाजूला वळवली.

"कुठे गेला आवाज, म्हणून शोधतोय बघ," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आता गप्प बसू नकोस."

मित्रांनो, माझ्या अंगातून रोज हजारो चित्रे जातात. त्या दिवशीचे ते चित्र मी कुलूप लावून पाठवले तेव्हा मला वाटले, आपण जन्माला आलो ते बरे झाले.

मग एका दुपारी दुधाची वेळ झाली आणि तिचा फोन आलाच नाही. मी वाट पाहिली. नेटवर्क नसेल, ताप चढला असेल, नाना शंका आल्या. कापड वर झाले, दिवा लागला, कॅमेरा उघडला, आणि चित्रात दोन हात आले. हातांवर कांजिण्यांचे फिकट डाग होते.

आमच्या कक्षात आईच्या मनगटावर एक पट्टी असते आणि तसाच आकडा बाळाच्या पायातल्या पट्टीवर असतो. मोठ्या सिस्टरांनी दारातच तिला नाव विचारले होते, पट्टी चष्मा वर करून वाचली होती, बाळाच्या पायाशी जुळवून पाहिली होती. मग आई कोपरापर्यंत हात धुवायला गेली. परत आली तेव्हा इतक्या दिवसांच्या सवयीने तिने पुन्हा मनगट पुढे केले. मी आई आहे, बघा, असे.

मोठ्या सिस्टरांनी तिचा हात अलगद खाली केला. "पाहिलंय मी. घे तुझं लेकरू." आणि तिच्या हातात पैलवान दिला.

त्याच दुपारी वायरवालीने आईचे ओळखपत्र रद्द केले. आता त्या आईला माझी गरज उरली नाही. राखणदाराला याहून मोठे बक्षीस कोणते?

आता माझा पंखा अडखळतो. लवकरच माझ्या जागी नवी पेटी येईल. त्या पेटीची एवढी काळजी घ्या की तिच्या डोक्यावर खोकी रचू नका, तिच्या पंख्यावर कधीतरी फुंकर मारा, आणि तिच्या पोटात नवा पहारा बसवण्याआधी जुना काय करतो ते पाहून घ्या. पण मित्रांनो, माझे खरे मागणे पेटीपुरते नाही. तुमच्या दारी कुणी आले तर त्याची ओळख जरूर पटवून घ्या. डोळ्यांत तेल घालून घ्या, दुसऱ्याने घेतली असेल असे धरून चालू नका. पण एकदा पटली, की आपल्या माणसाला तेच ते पुन्हा सिद्ध करायला लावून दारात ताटकळत ठेवू नका. आत कुणीतरी त्याचा आवाज शोधत असते.